गोंदियाला साडेबारा मार्क

"थांबा! कोणी खाली काही टाकायचं नाही!" गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर पाय ठेवता ठेवताच हेमेंद्र गुरुजींनी हात आडवा केला. "शेंगांची टरफलं कुठं आहेत?"

"माह्या मुठीत," त्यांची आई शांतीबाई म्हणाली. "सौंदडपासून धरून आहो. हाताले मुंग्या आल्या, बापा."

गुरुजींच्या खांद्याला दोन पिशव्या होत्या. त्यातली एक उघडून त्यांनी आईची मूठ तीत रिकामी करवली. कचरापेटी सापडेपर्यंत आपला कचरा आपणच वागवायचा, हा त्यांच्या घरचा कायदा. नऊ वर्षांच्या रुचीनं केळीची सालं टाकली. मग गुरुजींनी पिशवीचं तोंड सुतळीनं आवळलं आणि खिशातून वही काढली. पुठ्ठ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'गोंदिया शहर, राहण्यास योग्य की अयोग्य? एकूण प्रश्न तीस. प्रत्येकी एक मार्क. उत्तीर्ण होण्यास अठरा आवश्यक.'

ती वही पाहिली की पुष्पांजली, म्हणजे गुरुजींची बायको, नजर दुसरीकडे वळवायची. परीक्षा गोंदियाची होती, पण निकाल तिचा लागणार होता ना!

ती केशोरीकडच्या एका उपकेंद्रात चौदा वर्षं नर्स होती. गोंदियाच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात जागा निघाली, हिनं अर्ज टाकला आणि यादीत नाव आलं. दुसरं! येते की नाही ते सोमवारी फोन करून कळवायचं होतं. आज रविवार होता, २००९ सालच्या जानेवारीतला.

आता कोणी म्हणेल, नवऱ्यानं मोडता घातला असेल. छे हो! हेमेंद्र गुरुजी तसले नव्हतेच. पंचक्रोशीत त्यांना झाडवाले गुरुजी म्हणत. हुंडा न घेता लग्न केलं, आडनाव टाकून आईचं नाव लावलं, 'हेमेंद्र शांती'. लग्नानंतर बायकोला म्हणाले, मला नावानं हाक मार. गावात केवढा गहजब झाला! पुष्पांजली घरात 'हेमेंद्र' म्हणायची, बाहेर मात्र 'गुरुजी'. चारचौघात नावानं हाक मारायला तिची जीभ रेटत नसे. नोकरीचं पत्र आलं तेव्हाही गुरुजींनी पेढे वाटले होते. म्हणाले, "पुष्पा, तू जा किंवा नको जाऊ, हे सांगणारा मी कोण? पण कुटुंबानं राहायचं तर शहर तपासून घेतलं पाहिजे. हवा, पाणी, झाडं, माणसं. सगळं शास्त्रीय पद्धतीनं."

यावर पुष्पांजली "बरं" म्हणाली. चौदा वर्षं ती 'बरं'च म्हणत आली होती. मनातून जीव तुटत होता, पण ताकाला जाऊन भांडं लपवायची खोडच लागली होती, त्याला कोण काय करणार?

स्टेशनाबाहेर परीक्षा सुरू झाली. चहावाल्यानं कागदी कप पुढे केले, तर गुरुजींनी रुचीच्या पाठीवरच्या दप्तरातून चार स्टीलचे पेले काढले.

"भैया, इसमें दो."

"क्यों, मेरे कप में जहर है क्या?" चहावाला म्हणाला.

"जहर नाही, कागद आहे. कागद म्हणजे झाड."

चहावाल्यानं एकदा पेल्यांकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे. "अच्छा है साहब. मेरा कप बच गया," असं म्हणून त्यानं पेले काठोकाठ भरले. गुरुजींनी वहीत अर्धा मार्क लिहिला. रुची तोवर रस्त्यावरचे सहा चुरगळलेले कप गोळा करून घेऊन आली, तेही सुतळीच्या पिशवीत गेले. पुढे कोणाची तरी एक तुटकी चप्पल तिला दिसली. तीही गेली.

मग पायी वरात निघाली. पुढे गुरुजी पेन्सिल सरसावून, मागे शांतीबाई पदर खोचून, त्यांच्या मागे पुष्पांजली, आणि रुची कधी पुढे कधी मागे. रस्त्यावर सावली देणारी झाडं किती? शून्य मार्क. चिमण्या दिसल्या का? एक मार्क, कारण एका धान्याच्या दुकानापुढे शंभर तरी होत्या. हॉर्न? शून्य. सायकली? एक, पैकीच्या पैकी. तेवढ्यात शांतीबाईच्या पांढऱ्या लुगड्यावर काळा कण येऊन बसला. तिनं बोटानं पुसला तर लांब रेघ उमटली.

"हे काय वो माय? आभाळातून काजळ पडून राहिलं!"

"धानाचा कोंडा जाळतात कुठंतरी, आजी," बाजूनं जाणारा एक जण म्हणाला. "हमारे यहां मुफ्त में पावडर लगता है."

गुरुजींनी हवेला शून्य दिला आणि तो दोनदा गिरवला. पुष्पांजलीला तो शून्य आपल्याच कपाळावर गिरवल्यासारखा वाटला.

दवाखान्याचं फाटक आलं तशी ती थांबली. कोणी सांगितलं नव्हतं, पण पायच उचलेना. आत बायकांची गर्दी होती, स्ट्रेचर होतं, दोन नर्सा हसत हसत जिना चढत होत्या. दोन नर्सा! एकमेकींशी बोलत! पुष्पांजलीला आपली खोली आठवली. टेबल, कपाट आणि ती एकटी. एखादी बाळंतीण अडली की जीप बोलवायची, अर्जुनीच्या दवाखान्याचा रस्ता धरायचा आणि तिची नाडी धरून सगळ्या रस्त्याभर मनात देव आळवायचे. चौदा वर्षांत साऱ्या बाया तिनं सुखरूप पोहोचवल्या होत्या, एक सोडून. त्या एकीचं नाव ती कोणापुढे घेत नसे. इथे हाक मारली तर ओ देणारं कोणीतरी होतं. तिला तेवढंच हवं होतं. पगार, शहर, बाजार यातलं काही नको होतं.

"कंपाउंडात कडुनिंब तीन," गुरुजी मोजत होते. "बरे आहेत."

तेवढ्यात आतून एक म्हातारी पेढ्यांचा पुडा घेऊन धावतच आली आणि दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवत सुटली. "घ्या जी, घ्या! नात झाली! पहिलीच!" तिनं पुष्पांजलीच्या हातात दोन कोंबले. गुरुजींचा चेहरा फुलला. प्रश्न तेवीस : मुलगी झाल्यावर पेढे वाटतात का? पूर्ण एक मार्क.

राहायला खोली पाहायची होती ती शहराला लागून असलेल्या फुलचूरकडे, जमुनाबाईंच्या अंगणात. अर्जुनीच्या पोस्टमास्तरांनी पत्ता दिला होता. जमुनाबाई पवार समाजाची, विधवा, साठीची, आवाज खणखणीत. अंगणात विहीर, वालाच्या शेंगांचा मांडव आणि मांडवाला बांधलेली एक काळी बकरी.

"आओ आओ. केशोरीचे ना? बसा. पानी पियो."

गुरुजी बसले, पण पेन्सिल बसेना. प्रश्न सात होता : घरमालक जात विचारतो का? ते वाट पाहत राहिले. जमुनाबाईंनी विचारलं, मुलगी कितवीत आहे, म्हातारीला जिना चढवतो का, पहाटे उठून कोणी मोठ्यानं खाकरतं का. जात काही निघेना. गुरुजी मनातून खूश. एक मार्क लिहायला पेन्सिल टेकवली न टेकवली तोच शांतीबाईच ताठ बसून म्हणाली, "आमी कोहळी हो! आमच्या वाडवडलांनी तलाव बांधले."

"माय!" गुरुजी कळवळले.

"काऊन? तलाव बांधले नाई का? मी काई चोरी सांगून राहिली?"

"हमने कब पूछा?" जमुनाबाई म्हणाल्या. "पर अच्छा किया. तालाब बनाया तो अच्छा ही किया." मार्क वाचला.

खोली छान होती. पूर्वेला खिडकी, खिडकीत वालाच्या वेलाचं टोक आलेलं. पुष्पांजलीनं मनातल्या मनात इथे कपाट लावलं, तिथे रुचीचं टेबल, आणि स्वतःलाच दटावलं. निघायची वेळ झाली तशी गुरुजी उभे राहिले आणि खांद्यावरची एक पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी, अदबीनं, जमुनाबाईंच्या हातात दिली.

"आमच्याकडची छोटीशी भेट. घरचं आहे. बिनखताचं."

घरचा सुवासिक चिन्नोर तांदूळ द्यायचा होता तो, दोन किलो, निवडून पाखडून आणलेला. फक्त दोन्ही पिशव्या शांतीबाईनं एकाच जुन्या चादरीतून शिवल्या होत्या, फुलं तीच, बंद तेच. जमुनाबाईंनी तिथंच सुतळी सोडली आणि पिशवी सुपात ओतली. शेंगांची टरफलं. केळीची सालं. सहा चुरगळलेले कप. आणि सर्वांत वर, दिमाखात, ती तुटकी चप्पल.

रुचीनं तोंडावर हात ठेवला. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. झालं, पुष्पांजलीच्या मनात आलं, कपाट गेलं, टेबल गेलं. पहिल्याच भेटीत घरमालकिणीला चप्पल दिली!

बकरीनं मान लांबवली आणि एक साल उचललं. मग दुसरं. मग अख्खं तोंडच सुपात घातलं.

जमुनाबाई बघत राहिल्या आणि एकाएकी गडगडून हसल्या. "अरे बापरे! चावल तो सब लाते हैं. माझ्या बकरीचा विचार करणारा हा पहिलाच किरायदार!"

"माफ करा, ती दुसरी पिशवी…"

"ठहरो जी, मत लेना वापस." त्यांनी कप वेगळे काढले. "इसमें मिरची का रोप लगाऊंगी. टरफलं चुलीत." मग चप्पल उचलून उलटसुलट पाहिली. "और ये? ये तो सबसे काम की. मांडवाला टांगते, नजर नाही लागत." आणि टांगलीसुद्धा.

गुरुजी वही घेऊन मांडवाखाली उभे राहिले. चेहऱ्यावर अशी ओढाताण की बघवेना. शेवटी त्यांनी लिहिलं : कचऱ्याचा पूर्ण वापर, एक मार्क. त्याखाली लिहिलं : अंधश्रद्धा, वजा अर्धा. खऱ्या तांदळाची पिशवी त्यांनी हळूच ओट्यावर ठेवली, तेव्हा जमुनाबाईंचं हसणं थांबलेलं नव्हतं.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. बाहेर धान कापलेल्या शेताच्या बांध्यांमध्ये लाखोळीच्या पिकाला निळी फुलं आली होती आणि ऊन अजून चांगलं होतं. गुरुजींनी बेरीज केली. खालून वर केली, वरून खाली केली.

"साडेबारा," ते म्हणाले. आवाज पडला होता. "पुष्पा, मी जिथं देता आला तिथं दिला. पण पासिंग अठरा आहे."

"बरं," पुष्पांजली म्हणाली आणि बाहेर पाहू लागली. निळी फुलं डोळ्यांपुढे पसरट व्हायला लागली तसा तिनं पदर डोळ्यांना लावला. तेव्हा पदराच्या गाठीतला पेढा हाताला लागला. एक तिनं खाल्ला होता, एक ठेवला होता. कोणासाठी ठेवला होता, देव जाणे. पण त्या पेढ्यानं काय केलं कोण जाणे, ती वळली.

"अन् केशोरीले किती?"

"म्हणजे?"

"केशोरीची परीक्षा कोनं घेतली? वर्गात एकच पोट्टा बसवाचा अन् त्यालेच नापास कराचं, हे कोनती शास्त्रीय पद्धत जी? आपला तो बाळ्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं!"

समोरच्या बाकावरचे दोन म्हातारे सरसावून बसले. गुरुजींना प्रश्न झोंबला. पण माणूस न्यायाचा होता. त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं, 'केशोरी' असं शीर्षक दिलं, खाली रेघ मारली. "घ्या. प्रश्न पहिला."

सावली, पूर्ण मार्क. हवा, पूर्ण. पक्षी, पूर्ण. गुरुजींची पेन्सिल धावत होती. मग प्रश्न सात आला, जात विचारतात का?

"पानी द्याच्या अगोदर इचारते," शांतीबाई म्हणाली. शून्य.

"लग्नानंतर थर्माकोलची ताटं कुठं जातात, बाबा?" रुचीनं विचारलं. ताटं तलावाच्या पाळीमागे जात होती. शून्य.

"तणस जाळतात का?"

"अर्धे जाळते, अर्धे गाईले देते," शांतीबाई म्हणाली. अर्धा.

"मुलगी झाल्यावर पेढे वाटतात का?"

पुष्पांजली हसली. "पोरगा झाला तं मले पेढे. पोरगी झाली तं मले कोरा चहा, तोबी बिनसाखरेचा. चौदा वर्षं पिऊन राहिली." शून्य.

असं करत करत तीस प्रश्न संपले. गुरुजींनी बेरीज केली, आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"साडेबारा."

म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. रुची म्हणाली, "दोघं सारखेच नापास! आता काय हो, बाबा?"

"वर्गात दोन मुलांना सारखे मार्क पडले तर," गुरुजी विचार करत म्हणाले, "मी तोंडी परीक्षा घेतो."

"तोंडी म्हनजे तोंडानं बोलाचं ना?" शांतीबाईनं विचारलं. "मंग शहर का बोलन? पुष्पाले बोलू दे. हेमू, तुह्या तीस प्रश्नात तिचा कोनता आहे, दाखव बरं मले."

गुरुजींनी पानं उलटली. एकदा, दोनदा. झाडं होती, नाले होते, चिमण्या होत्या. शांतीबाई सुनेकडे वळली. तिचा हात धरून म्हणाली, "माय, तू बायांले काय म्हनतेस? मी आयकलं आहे. 'दुखते तं बोल बाई, बोलल्याबिगर कसं समजन?' मंग आता तूच काऊन दात आवळून बसलीस?"

त्या भरल्या डब्यात, दोन परक्या म्हाताऱ्यांसमोर, पुष्पांजली स्पष्ट बोलली.

"हेमेंद्र, मले गोंदियाले याचं आहे. राख पडू दे, हॉर्न वाजू दे. चौदा वर्षं मी एकटीनं केलं. एक बाई माह्या हातातून गेली, तुमाले मालूम आहे. आता मोठ्या डॉक्टरच्या बाजूले उभं राहून मले शिकाचं आहे. मी हाक मारली तं कोनी आलं पायजे. मले लय मनापासून याचं आहे. झालं. हेच."

गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते, पण बाहेरचं काही दिसत नसावं. त्यांची पुस्तकी भाषा गळून पडली. "तीस प्रश्न काढले, पुष्पा. तुहा एकबी नाई काढला. मी समजत होतो का आपून लय सुधारलेले आहो. पेपर काढनाराच नापास झाला नं."

"बाबा नापास!" रुची ओरडली, आणि सगळा डबा हसला. गुरुजीही हसले, चष्मा काढून डोळे पुसत हसले.

"तोंडीले किती मार्क देऊ?"

"मार्क राहू द्या," पुष्पांजलीनं गाठ सोडून पेढा त्यांच्या हातावर ठेवला. "उद्या मोबाईलले रेंज कुठं भेटते तेवढं पाहा."

रेंज तलावाच्या पाळीवर भेटली. सोमवारी सकाळी तिथूनच तिनं फोन केला, आणि "हो, येते" हे तीनदा सांगितलं, कारण पलीकडून एकदाच विचारलं तरी तिला तीनदा म्हणावंसं वाटलं.

फेब्रुवारीत तिघी गोंदियाला आल्या. गुरुजी मागे राहिले. त्यांची बदली व्हायला वर्ष तरी लागणार होतं, शिवाय शाळेची एकेचाळीस झाडं होती. पोरांना एकेक झाड वाटून द्यायचं, त्याची यादी भिंतीवर लावायची, हे काम त्यांनी काढलं होतं. यादी झटपट होण्यासारखी होती, पण ते तिला फार वेळ लावत होते. घरी गेलं की हात एकाच माणसापुरता भात टाकायला शिकत नव्हते.

पहिल्या शनिवारी ते फुलचूरला उतरले. खांद्याला दोन पिशव्या, एकीला आता लाल धागा बांधलेला. बकरीनं धाग्याकडे ढुंकून पाहिलं नाही, बरोबर पाहिजे तीच पिशवी धरली. मांडवाची चप्पल जागेवर होती आणि वाल वारेमाप लागला होता. गुरुजी खाटेवर बसून केळीची सालं एकेक करून बकरीला देऊ लागले.

पाचच्या सुमाराला फाटकाशी सायकलची घंटा वाजली. पुष्पांजली ड्युटीवरून येत होती. पांढरा गणवेश चुरगळला होता, खांद्यावर कोंड्याच्या राखेचे दोन काळे कण होते. दमली होती, पण काहीतरी सांगायचं आहे असा तिचा चेहरा होता, आणि फाटकातूनच तिनं हाक मारली, "हेमेंद्र! आज जुळं होतं!"

गुरुजी उठून उभे राहिले. साहेब वर्गात आले की पोरं राहतात तसे, हात बाजूला घेऊन.

"अरे गुरुजी, बैठो न," ओट्यावरून जमुनाबाई म्हणाल्या. "तुम्हारी ही बायको है."

"हो जी," गुरुजी म्हणाले. पण तिनं सायकल भिंतीला लावली, विहिरीवर पाय धुतले, पदरानं हात कोरडे केले आणि ती खाटेवर येऊन बसली, तोवर ते उभेच होते.